गुंठ्याचे सोळा आणे : लहान मापांच्या शब्दांची कुळकथा

लोणी काळभोर, प्रतिनिधी - पुणे-सोलापूर रस्त्याने हडपसर आणि कवडीपाट मागे टाकून लोणी काळभोरच्या शिवारात शिरले, की एक शब्द वारंवार कानी पडतो. तो म्हणजे गुंठा. भावकीतली वाटणी असो, उसाच्या रानाची विक्री असो, की नोकरदाराला घरासाठी हवी असलेली जागा असो, बोली गुंठ्यावरच होते. मात्र बोलणी आटोपून सातबाराचा उतारा हाती घेतला, की त्यावर गुंठा दिसत नाही. तेथे असतात हेक्टर, आर आणि चौरस मीटर. गुंठा आणि आर ही एकाच मापाची दोन नावे, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात सुमारे १०७६.४ चौरस फूट. फरक साडेबारा चौरस फुटांचा. एका गुंठ्याला तो नजरेत भरत नाही, पण चाळीस गुंठ्यांच्या एकराला चाळीस आर धरले, तर सुमारे ५०४ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा जमीन हिशेबातून गळते.

भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. तेव्हापासून कागदावरची मापे बदलली, बोलण्यातली मात्र बदलली नाहीत. गुंठा, तोळा, पावशेर, तसू, गुंज, आणा हे शब्द आजही घराघरांत आहेत. काही केवळ वाक्प्रचारात उरले, काहींच्या पोटातले परिमाण गुपचूप बदलले. हे शब्द आले कोठून, त्यांचा मूळ अर्थ काय आणि आज त्यांत किती उरले आहे, याचा हा धांडोळा.

साखळीचा चौकोन

‘गुंठा’ हा शब्द संस्कृतातून आलेला नाही. कन्नडमधील ‘गुंटे’ आणि तेलुगूतील ‘गुंट’ ही त्याची भावंडे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या सलग पट्ट्यात जमिनीचे लहान माप म्हणून तो चालतो. उत्तरेकडे त्याच्या जागी बिस्वा, कट्ठा अशी मापे आहेत, तर तमिळनाडू आणि केरळमध्ये एकराचा शंभरावा भाग असलेला ‘सेंट’ वापरतात.

आज गुंठ्याचे जे नेमके क्षेत्रफळ आपण सांगतो, ते ब्रिटिश अमदानीतील जमीन मोजणीने पक्के केले. या मोजणीचा आरंभ पुणे जिल्ह्यातच झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने शेतांची मोजणी आणि सारा आकारणी सुरू केली. लोणी काळभोरवरून जाणारा रस्ता पुढे ज्या इंदापुराला पोहोचतो, तेच हे इंदापूर. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली आणि एकर-गुंठ्यांची जोडी गावोगावच्या दप्तरात रूढ झाली.

मोजणीसाठी तेहतीस फुटी साखळी वापरत. तिचे सोळा समान भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाला ‘आणा’ म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशा चौकोनाचे क्षेत्र म्हणजे गुंठा. तेहतीस गुणिले तेहतीस, म्हणून १०८९ चौरस फूट. त्याचा सोळावा भाग तो गुंठ्याचा आणा, सुमारे ६८ चौरस फुटांचा.

तेहतीस फूटच का, याचे उत्तर इंग्लंडात सापडते. एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० मध्ये मोजणीसाठी ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. इकडे त्या साखळीची निम्मी लांबी घेतली गेली. लांबी निम्मी झाली, की चौकोन चौथाई होतो. म्हणून एकरात दहाऐवजी चाळीस चौकोन बसले. हेच एकराचे चाळीस गुंठे. ‘गंटर’ आणि ‘गुंठा’ यांच्या उच्चारातील सारखेपणा मोहात पाडणारा असला, तरी गुंठ्याचे नाते दक्षिणेकडच्या भाषांशी आहे. हे निव्वळ नामसाम्य समजावे.

हात, मूठ आणि काठी

साखळी येण्यापूर्वी जमीन काठीने मोजत. शिवकालीन मोजणीची माहिती कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत मिळते. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद क्षेत्राचा एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर, असा तो हिशेब आहे. बिघ्याचा विसावा भाग तो पांड. बखरीत हाताचे मापही दिले आहे. हात चौदा तसूंचा असावा आणि संपूर्ण काठी ऐंशी तसूंची भरावी. पाच हातांचे सत्तर तसू वजा केले, की पाच मुठींना दहा तसू उरतात. म्हणजे मूठ दोन तसूंची ठरते. हात माणसागणिक बदलतो, म्हणून तो तसूत बांधून टाकण्याची ही खबरदारी होती.

‘तसू’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ चोविसावा भाग असा आहे. कापड मोजण्याच्या आणि बांधकामाच्या गजाचे चोवीस तसू होत, ते याच अर्थाने. गज गेला, तसूही गेला. पण ‘तसूभरही मागे हटणार नाही’ असे म्हणताना मराठी माणूस आजही गजाचा चोविसावा भागच मोजत असतो.

शरीरावरून घेतलेली मापे याहून जुनी आहेत. अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी. बारा अंगुळांची वीत. हा शब्द संस्कृत ‘वितस्ति’वरून आला. दोन विती म्हणजे हात. दोन्ही बाहू पसरले असता होणारे अंतर ते ‘वाव’. त्याचे मूळ संस्कृत ‘व्याम’. विहिरीची खोली ‘परस’ या मापाने सांगतात. हा परस म्हणजे ‘पुरुष’, अर्थात पुरुषभर उंची. विहीर किती परस खोल आहे, हे सांगणारी जुनी माणसे हवेली तालुक्यात आजही भेटतात.

अंगुळाच्याही खाली आपले पूर्वज उतरले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुळ, आठ यूकांचा एक यव आणि आठ लिक्षांची एक यूका असे कोष्टक आहे. यव म्हणजे जवाचा दाणा, यूका म्हणजे ऊ आणि लिक्षा म्हणजे लीख. नजरेला दिसणारी सर्वांत लहान वस्तू कोणती, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी माणसाच्या डोक्यावरच सापडले, असे म्हणावे लागते.

सुतार आणि लोखंडी कामाचे कारागीर इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. ‘पाव इंच’ म्हणण्याऐवजी ‘दोन सूत’ म्हटले, की काम चालते. सूत म्हणजे दोरा, आणि ओळंबा व आखणीचा दोरा ही कारागिरांची रोजची साधने. त्यांच्याच पंक्तीत हे माप बसले. ‘सुतराम संबंध नाही’ या प्रयोगातील ‘सुतराम’ मात्र या सुताशी संबंधित नाही. तो संस्कृत ‘सुतराम्’, म्हणजे ‘अगदी, मुळीच’ या अर्थाचा अव्यय आहे.

परकी भासणारी नातलग मापे

‘इंच’ हा इंग्रजी शब्द लॅटिन ‘उन्सिआ’वरून आला. त्याचा अर्थ बारावा भाग. फुटाचा बारावा भाग तो इंच. आणि याच शब्दापासून वजनाचा ‘औंस’ही निघाला. तसू चोविसावा, इंच बारावा. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ वस्तू नसून भाग आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

‘एकर’ हा शब्द तर दूरचा आप्तच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ शेत असा होता, आणि वेदांच्या भाषेतील ‘अज्र’ हा मैदान किंवा शेत या अर्थाचा शब्द त्याच मुळाचा मानला जातो. सातबारावरचा ‘आर’ फ्रान्समधून आला. तेथे १७९५ च्या कायद्याने दशमान मापांना नावे दिली, तेव्हा शंभर चौरस मीटरच्या क्षेत्राला हे नाव मिळाले. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘आरेआ’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मोकळी जागा असा होता, आणि मळणीचे खळे असाही. त्यापुढे ‘शंभर’ अर्थाचा ग्रीक शब्द जोडून ‘हेक्टर’ झाला. म्हणजे शंभर आर तो एक हेक्टर, आणि शब्दशः पाहिले तर शंभर खळ्यांची ती जमीन!

तराजूतले बी-बियाणे

लांबीची मापे देहातून निघाली, तशी वजनाची मापे बियांतून निघाली. ‘गुंज’ ही गुंजेच्या वेलीची लाल-काळी बी. तिचा दाणा जवळजवळ सारख्या वजनाचा भरतो, म्हणून सोनारांनी तो तराजूत घेतला. ‘मासा’ म्हणजे संस्कृत ‘माष’, अर्थात उडीद. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळ्यात शहाण्णव गुंजा. ‘तोळा’ हा शब्द तोलण्याच्या ‘तुल्’ या संस्कृत धातूशी नाते सांगतो. तुला आणि तोल हे त्याचेच सोयरे.

कंपनी सरकारने १८३३ मध्ये रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा असे ठरवले. आजच्या मापात हा तोळा सुमारे ११.६६४ ग्रॅमचा होतो आणि गुंज ०.१२ ग्रॅमच्या आसपास बसते. सराफ बाजारात मात्र आता ‘तोळा’ म्हटले, की दहा ग्रॅम असाच अर्थ घेतला जातो. शब्द तोच राहिला आणि वजन मात्र सुमारे चौदा टक्क्यांनी घटले. जुन्या याद्यांत ‘पाच तोळ्यांचे दागिने’ अशी नोंद असेल, तर त्या काळच्या तोळ्याने ते ५८.३ ग्रॅम होतात. आजच्या बोलीने पन्नास. आठ ग्रॅमहून अधिक सोन्याचा हा फरक आहे. वारसांमध्ये वाटणी करताना किंवा जुने सोने मोडताना तोळ्यांत न बोलता ग्रॅममध्ये बोलावे, ते यासाठीच.

ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर. तो ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोपेक्षा थोडा कमी. शेराचा चौथा भाग तो पावशेर. आज ‘पावशेर मिरची’ मागणाऱ्याला दुकानदार २५० ग्रॅम देतो. येथे शब्दाच्या पोटातले वजन किंचित वाढले आहे. अर्ध्या शेराला मराठीत ‘अच्छेर’ हा सुटसुटीत शब्द होता. शेराचा सोळावा भाग म्हणजे ‘छटाक’. तो ‘षट्’ आणि ‘टंक’ यांपासून, म्हणजे सहा टांकांवरून आला. मुंबईकडच्या शेरात बहात्तर टांक धरत. त्यातले नऊ टांक म्हणजे आठवा भाग, तो ‘नवटाक’. या सरळमार्गी शब्दाला पुढे दारूच्या गुत्त्याची संगत लागली आणि त्याचा मूळ अर्थ झाकला गेला.

चिपटे, मापटे, पायली

धान्य पूर्वी तोलत नसत, मापत. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली, हे कोष्टक शाळेत पाठ करून घेत. पुढे पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मणात पायल्या किती, याचे उत्तर मात्र गावागणिक बदले; कोठे बारा, तर कोठे सोळा.

पायली हे आकारमानाचे माप. त्यामुळे पायलीभर ज्वारी आणि पायलीभर बाजरी यांचे वजन सारखे भरत नाही. माप काठोकाठ भरले, की वर राहणारा धान्याचा निमुळता ढीग म्हणजे ‘शीग’. शीग ठेवायची की पुसायची, यावर खळ्यावर वाद होत. ‘शिगोशीग भरणे’ हा प्रयोग तेथलाच. मापे मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. नव्या नवरीने उंबरठ्यावर जे ओलांडायचे, ते धान्याने भरलेले मापच. क्षुल्लक गोष्टींचा सुळसुळाट झाला, की ‘पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा’ म्हणतात. शेरास सव्वाशेर भेटतो, तोही याच मापातला.

मूठ, चिमूट, ओंजळ ही घरगुती मापे. ‘ओंजळ’ संस्कृत ‘अंजलि’वरून आली, तर एका हाताच्या खोलगट तळव्याचा ‘पसा’ हा ‘प्रसृत’ म्हणजे पुढे पसरलेला हात. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या पसायदानाचा संबंध अनेक जण या पशाशी जोडतात. प्रत्यक्षात ‘पसाय’ म्हणजे ‘प्रसाद’. तेथे पसाभर मागणे नाही, तर कृपाप्रसादाचे मागणे आहे.

निम्म्याचे निम्मे

या सर्व कोष्टकांत एक समान धागा दिसतो. मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे दुपटीने चढतात आणि निम्म्याने उतरतात. रुपयाचे आणे सोळा, शेराच्या छटाका सोळा, गुंठ्याचे आणेही सोळा. सोळा ही संख्या चार वेळा निम्मी करता येते आणि दरवेळी पूर्णांकच हाती येतो. निम्मे आठ, पाव चार, त्याचे निम्मे दोन आणि शेवटी एक. दहाचे निम्मे पाच होतात आणि पुढे गाडी अडते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही निम्मे-निम्मे वाटप डोळ्यांनी पडताळता येते. दोन ढीग समोरासमोर ठेवले, की देणारा आणि घेणारा दोघांचीही खात्री पटते. व्यवहारातील विश्वास असा मापाच्या रचनेतच बांधलेला होता.

अपूर्णांकांची मराठी नावे हीच सवय सांगतात. ‘पाव’ म्हणजे ‘पाद’, चतुष्पादाचा एक पाय. ‘पाऊण’ म्हणजे ‘पादोन’, पावाने उणा. ‘सव्वा’ हा ‘सपाद’, म्हणजे पावासह. ‘साडे’ हा ‘सार्ध’, म्हणजे अर्ध्यासह. ‘दीड’ हा ‘द्व्यर्ध’, दुसरा अर्धा असलेला. ‘अडीच’ हा ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा असलेला. आणि साडेतीन या अर्थाचा ‘औट’ म्हणजे चौथा अर्धा असलेला. जुन्या पिढीतील मुले पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, औटकी घोकत, ती बाजारात फसू नये म्हणून.

औट हा शब्द आता फक्त ‘औट घटकेचे राज्य’ या प्रयोगात भेटतो. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तेव्हा औट घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे. घटकेचे साठ भाग ती पळे, प्रत्येक पळ चोवीस सेकंदांचे. ‘घटका’ म्हणजे मुळात लहान घट. बारीक छिद्राचे भांडे पाण्यात सोडत; ते भरून बुडाले, की एक घटका. ‘तास’ हाही मूळचा भांड्याचाच शब्द. फारसीत ‘तास’ म्हणजे वाटी किंवा कटोरा. मराठीत तो ठोके देण्याच्या धातूच्या थाळीला मिळाला आणि तिच्यावरून साठ मिनिटांच्या काळाला.

आणेवारी ते पैसेवारी

एक रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयात १९२ पै. ‘पै’ हा शब्दही ‘पाद’ म्हणजे चौथा भाग याच कुळातला. ‘दमडी’ हे ‘दाम’चे लघुरूप, आणि ‘दाम’ थेट ग्रीक ‘द्राख्मा’ या नाण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तरीही पंचवीस पैशांना ‘चाराणे’ आणि पन्नास पैशांना ‘आठाणे’ म्हणणे सुटले नाही. चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाले. ‘सोळा आणे खरे’ म्हणण्यावाचून मात्र आपले आजही भागत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणा हा नाण्याहून मोठा आहे. पीक पूर्ण आले, तर ते सोळा आणे. त्या मानाने हाती आलेल्या पिकाचा अंदाज म्हणजे ‘आणेवारी’. सरकारी कागदांत तिची ‘पैसेवारी’ झाली आणि पूर्ण पीक शंभर पैशांचे ठरले. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली, तर टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. वर गेली तर नाही. एखाद-दुसऱ्या पैशाने गावाचे वर्ष बदलू शकते. सामाईक सातबारावरील भावाभावांचे हिस्सेही ‘आणेवारी’ या नावानेच ओळखले जातात. कोणाची चार आणे, कोणाची दोन आणे, यावर वाटपाचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात.

गुंठ्याने घडवलेले कायदे

पुण्याभोवतीच्या गावांत जमिनीला भाव आला, तसा गुंठ्याभोवती नवा शब्दसंसार उभा राहिला. शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्याच्या प्रकाराला ‘गुंठेवारी’ म्हणू लागले आणि हा बोलीतला शब्द कायद्याच्या नावात जाऊन बसला. गुंठेवारी विकास नियमित करण्याचा राज्याचा कायदा २००१ चा. जमिनी विकून अचानक श्रीमंत झालेल्यांना लोकांनी ‘गुंठामंत्री’ ही पदवीही बहाल केली.

त्याआधीपासून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. शेती कसण्यास परवडणार नाही एवढे लहान तुकडे पडू नयेत, हा त्याचा उद्देश. राज्य सरकारच्या ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्राची मर्यादा बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे अशी खाली आणली. निवासी वापराच्या क्षेत्रातील छोट्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचा मार्ग २०२५ मधील सुधारणेने मोकळा केला. लहान घर बांधू पाहणाऱ्याचे सारे भवितव्य अशा रीतीने एका लहान शब्दावर तोलले गेले आहे.

येथेच गुंठा आणि आर यांतील फरक पुन्हा समोर येतो. पुरते दहा गुंठे म्हणजे सुमारे १०११.७ चौरस मीटर. सातबारावर ते ०.१०.१२ असे, म्हणजे शून्य हेक्टर, दहा आर आणि बारा चौरस मीटर असे दिसले पाहिजे. उताऱ्यावर ०.१०.०० असेल, तर ते गुंठ्यांच्या हिशेबाने ९.८८ च भरतात. बोली गुंठ्यावर आणि दस्त आरवर झाला, तर पैसे एका मापाचे आणि जमीन दुसऱ्या मापाची, असा प्रकार घडतो. फरक लहान खरा; पण लोणी काळभोरसारख्या ठिकाणी चौरस फुटाच्या भावाने गुणले, की तो लहान राहत नाही.

जुनी मापे सोडून देण्यास कारण होते. हात माणसागणिक, शेर पेठेगणिक आणि मण गावागणिक बदलत असे, आणि त्या फरकात गरिबाचेच नुकसान होई. दशमान पद्धतीने हा घोळ मिटवला, हे तिचे मोठे श्रेय. जुन्या शब्दांना त्यामुळे भाषेतून हद्दपार करण्याचे कारण नाही. त्यांत शेत, खळे, सोनाराची भट्टी आणि स्वयंपाकघर साठलेले आहे. मात्र पैसे मोजण्याची वेळ आली, की शब्दावर न थांबता त्यामागचा आकडा विचारावा. गुंठा म्हणजे किती चौरस मीटर आणि तोळा म्हणजे किती ग्रॅम, हे कागदावर लिहून घ्यावे.

ध्यानात ठेवण्याजोगे

१ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १०८९ चौरस फूट = १०१.१७ चौरस मीटर
१ आर = १०० चौरस मीटर = १०७६.३९ चौरस फूट
४० गुंठे = १ एकर = ४०.४७ आर
१०० आर = १ हेक्टर = २ एकर १९ गुंठ्यांहून किंचित कमी
८ गुंजा = १ मासा; १२ मासे = १ तोळा (जुना) = ११.६६४ ग्रॅम
१ शेर (पक्का) = ८० तोळे = ९३३ ग्रॅम
६० पळे = १ घटका = २४ मिनिटे
८ सूत = १ इंच